उलटे घड्याळ आणि पेडण्याचा बोगदा

जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात रुळांखालून पाणी आणि चिखल वर येऊ लागला आणि कोकण रेल्वेची वाहतूक ठप्प झाली. काही गाड्या रद्द झाल्या, काही मिरज-लोंढा मार्गाने वळवाव्या लागल्या. त्याआधी ऑगस्ट 2020 मध्ये याच बोगद्याच्या भिंतीचा भाग ढासळला होता आणि तेव्हाही गाड्यांना दूरचा वळसा घ्यावा लागला होता. मडगावच्या फलाटावर तिष्ठत बसलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने ही पावसाळ्यातील नेहमीची आपत्ती. परंतु या बोगद्याचे रडगाणे पावसाइतके साधे नाही. सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या याच बोगद्याने 741 किलोमीटरच्या संपूर्ण रेल्वेमार्गाला अखेरच्या टप्प्यात अडवून धरले होते. मोठे, गुंतागुंतीचे प्रकल्प कसे आखले जातात, कसे रखडतात आणि त्यांची किंमत शेवटी कोण मोजतो, हे समजून घ्यायचे तर आपल्या दाराशी याहून चांगले उदाहरण नाही.

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत जाणारा हा मार्ग. सुमारे दोन हजार लहानमोठे पूल, 91 बोगदे आणि त्या बोगद्यांची एकत्रित लांबी 84 किलोमीटरहून अधिक. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना या स्वप्नाला कागदावर रूप आले. जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली आणि 15 सप्टेंबर 1990 रोजी रोहा येथे पायाभरणी झाली. महामंडळाच्या भांडवलात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के. केरळच्या भूमीवर या मार्गाचा एक रूळही नाही, तरी केरळने पैसा घातला, कारण मुंबईला जाणारी वाट त्यांनाही जवळची होणार होती. लाभ ज्याचा त्याने भारही उचलावा, हे तत्त्व येथे आरंभीच मान्य झाले. ते पुढे सर्व बाबतींत पाळले गेले असते, तर या लेखाचा उत्तरार्ध लिहावा लागला नसता.

पैशाची मोठी बाजू मात्र कर्जरोख्यांतून उभी राहिली. नेहमीच्या सरकारी कामात विलंब झाला तर फायलीवर एक शेरा वाढतो. येथे विलंबाचा प्रत्येक दिवस व्याजाच्या रूपाने ताळेबंदात उतरत होता. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी कार्यालयांतून लावलेले ते प्रसिद्ध उलटे घड्याळ या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. कामाला किती दिवस झाले हे ते दाखवत नसे; मुदत संपायला किती दिवस उरले ते दाखवी. श्रीधरन हे नाव तोवर रेल्वेच्या वर्तुळात परिचित होते. 1964 च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेला पांबनचा पूल त्यांनी 46 दिवसांत पुन्हा उभा केला होता. पण एक पूल दुरुस्त करणे वेगळे आणि तीन राज्यांतून, शेकडो ठिकाणी एकाच वेळी चालणारे काम सांभाळणे वेगळे. पहिल्यात नेता स्वतः घटनास्थळी उभा राहू शकतो. दुसऱ्यात त्याने उभे राहायचेच नसते. त्याच्या जागी निर्णय घेऊ शकणारी माणसे उभी करायची असतात.

म्हणून मार्गाचे सात विभाग पाडले गेले. प्रत्येक साधारण शंभर किलोमीटरचा, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. त्याला केवळ जबाबदारी दिली नाही, अधिकारही दिले. आपल्याकडील प्रशासनात या दोन गोष्टी एकत्र नांदताना क्वचितच दिसतात. कंत्राटदाराची देयके रेंगाळू द्यायची नाहीत, हा दंडकही तसाच. ज्याचे पैसे अडकले आहेत तो कंत्राटदार यंत्रे दुसऱ्या कामावर हलवतो, मजूर पांगतात आणि पुन्हा जमवाजमव करण्यात महिने जातात. वेळापत्रक कोलमडण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे आणि त्याचा अभियांत्रिकीशी काडीचाही संबंध नसतो.

वेळापत्रक म्हणजे कामांची तारीखवार यादी, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे. यादीतील कोणते काम कोणत्या कामाच्या पाठीवर बसले आहे, हे दाखवणारा तो आलेख असतो. भराव झाल्याशिवाय खडी नाही, खडीशिवाय रूळ नाहीत, रूळ नाहीत तर सिग्नलची चाचणी नाही. काही कामांना सवड असते. ती दोन महिने मागे पडली तरी अखेरची तारीख हलत नाही. काहींना मुळीच नसते. अशा सवड नसलेल्या कामांची आरंभापासून शेवटापर्यंत जी साखळी तयार होते तिला नियोजनाच्या परिभाषेत ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. अमेरिकेतील ड्यूपाँ या रसायन कंपनीत 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत आकाराला आली आणि पुढे जगभरातील बांधकामाने ती उचलली. तिचे सांगणे एकच: सर्व कामांकडे सारखे लक्ष देणे हा व्यवस्थापकाचा गुण नव्हे. साखळीवर नसलेल्या कामात वाचवलेला आठवडा हा वाचलेला आठवडा नसतोच.

कोकणात ही साखळी कोठून जाईल, याचा प्रारंभीचा अंदाज सह्याद्रीच्या कातळाकडे बोट दाखवत होता, आणि ते स्वाभाविकच होते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. बोगद्याची एक मोठी अडचण अशी की तेथे माणसे वाढवून वेग वाढत नाही. खोदकामाला दोनच तोंडे असतात. फार तर मध्ये विहिरीसारखा खड्डा घेऊन आणखी दोन निर्माण करता येतात. त्यासाठी स्वीडनहून जलशक्तीवर चालणारी छिद्रण यंत्रे आणली गेली. रत्नागिरीजवळच पानवल नदीच्या खोल दरीवर 64 मीटर उंचीचा पूल बांधायचा होता. दरीच्या तळापासून परांची उभारत बसण्याऐवजी पुलाचा माथा एका काठावर तुकड्या-तुकड्याने ओतायचा आणि खांबांवरून पुढे ढकलत न्यायचा, अशी भारतात तोवर न वापरलेली रीत स्वीकारली गेली. परांचीचे काम पावसाळ्यावर अवलंबून राहते. ही रीत ते अवलंबित्वच तोडून टाकते. उत्तम नियोजन अनेकदा असेच असते. काम लवकर उरकण्यापेक्षा त्याच्या वाटेतील एखादी अट काढून टाकणे अधिक मोलाचे ठरते.

कातळ हटला. अडले ते मातीत.

कातळाचे एक बरे असते. छिद्रे पाडा, सुरुंग लावा, मलबा काढा, पुढे सरका. दिवसाला किती अंतर कापले जाईल याचा हिशेब मांडता येतो आणि खोदलेले छत बहुतेक ठिकाणी स्वतःला सावरून धरते. पेडण्याच्या डोंगरात पाण्याने चिंब झालेली चिकणमाती होती. तेथे खणलेली पोकळी स्वतःच्याच वजनाने बुजू लागते. आधार देईपर्यंत छत खाली येते, वरच्या डोंगरात खड्डा पडतो आणि काल पुढे गेलेले काम आज मागे येते. ठरावीक अंतरावर घेतलेल्या छिद्रांतून भूगर्भाची जी कल्पना येते, तिच्यावर वेळापत्रक बेतलेले असते. दोन छिद्रांच्या मध्ये काय दडले आहे ते खणल्यावरच कळते. जुन्या गोव्यातील बोगद्यानेही असाच छळ मांडला. कामे पाच वर्षांत आटोपण्याचे लक्ष्य होते. उत्तरेकडून सावंतवाडीपर्यंत गाड्या धावू लागल्या, दक्षिणेकडून पेडण्यापर्यंत मार्ग सिद्ध झाला, आणि मधला तुकडा त्या मातीत रुतून बसला. जानेवारी 1998 मध्ये तो जोडला गेला आणि 1 मे 1998 रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी मार्ग राष्ट्राला अर्पण केला.

येथे उलट्या घड्याळाची मर्यादा उघडी पडते. माणसाच्या आळसावर, फायलींच्या रेंगाळण्यावर, कंत्राटदाराच्या टाळाटाळीवर ते घड्याळ जालीम उपाय होते. मातीला मात्र ते वाचता येत नव्हते. पेडण्याच्या बोगद्यात कामगारांचे प्राण गेले. मार्गावर अन्यत्रही गेले. रत्नागिरी स्थानकाच्या परिसरात त्यांचे स्मारक आहे. दिवस मोजणाऱ्या व्यवस्थेत ‘आज खोदकाम थांबवतो, छत धोक्याचे वाटते’ असे म्हणणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला किंवा मुकादमाला संरक्षण आहे की नाही, हा नीतीचा पहिला प्रश्न. नीती म्हणजे केवळ लाच न घेणे नव्हे. श्रीधरन यांच्या सचोटीबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती आणि तिचे मोल मोठेच आहे. पण खाली काम करणाऱ्याला वाईट बातमी वर पाठवण्याची मुभा असणे, हा सचोटीचा दुसरा आणि कमी बोलला जाणारा अर्ध आहे.

दुसरा प्रश्न गोमंतकीयांना अधिक जवळचा. मार्ग गोव्यातून नेमका कोठून न्यावा, यावर 1990 च्या दशकाच्या आरंभी येथे जे रण माजले ते आज पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. मांडवी आणि जुवारीच्या मुखाजवळची खाजन शेती, तिचे बांध आणि मानशी, जुन्या गोव्याचा वारसा, दाट वस्तीचे गाव, या साऱ्यांमधून भराव घालत रेल्वे जाणार होती. खाजन म्हणजे समुद्राच्या भरती-ओहोटीशी शतकानुशतके केलेला करार आहे. त्यात आडवा भराव पडला की पाण्याची वाट बदलते. मार्ग अंतर्भागातून न्यावा, अशी मागणी झाली. त्यावर अंतर वाढेल, डोंगर वाढतील, खर्च वाढेल, हे अभियंत्यांचे उत्तर होते आणि ते चुकीचे नव्हते. गोवा फाउंडेशनची याचिका 1992 मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली. तरीही आंदोलन थांबले नाही. 1993 मध्ये केंद्राला गोव्यातील काही भागाचे काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमावा लागला. पुढे काम बहुतांशी मूळ मार्गानेच सुरू झाले.

प्रकल्पाच्या इतिहासात हे महिने ‘विलंब’ या सदरात जमा आहेत. मला ते सदर अयोग्य वाटते. नकाशावर रेघ ओढण्याआधी जे संभाषण व्हायला हवे होते, ते रेघ ओढल्यावर झाले. आणि म्हणून ते संभाषण न राहता संघर्ष झाला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भूसंपादन तुलनेने सुरळीत पार पडले ते केवळ लोक भोळे होते म्हणून नव्हे. मुंबईला गेलेला मुलगा गणपतीला वेळेवर घरी येईल, ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची आस होती. संपूर्ण मार्गावर 40 हजारांहून अधिक जमीनमालकांशी व्यवहार करायचा होता आणि त्यात लाभाची ही स्पष्ट जाणीव फार कामी आली. गोव्यात लाभ आणि हानी एकाच माणसाच्या पदरात पडत नव्हते. ज्याचे शेत जाणार होते, त्याला मुंबईची गाडी हवीच होती असे नाही. नियोजनाच्या आराखड्यात कातळाची कसोटी पाहतात तशी या फरकाचीही पाहायची असते. ती न पाहिल्यास तो फरक पुढे पेडण्याच्या मातीसारखा वागतो.

आजही हे जुने झालेले नाही. कॅसलरॉक ते कुळे या दरम्यानच्या रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. विरोध करणारे आणि पाठिंबा देणारे, दोघांचेही युक्तिवाद तीस वर्षांपूर्वीच्या युक्तिवादांची आठवण करून देणारे होते. फरक इतकाच की 1992 मध्ये रेल्वेची बाजू न्यायालयात तरली होती.

तिसरा प्रश्न प्रवाशांचा, आणि तो उद्घाटनानंतर समोर आला. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली आणि विशेष गाडी घसरून पन्नासच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी, जून 2004 मध्ये, महाडच्या परिसरात मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून कोसळली. कारण पुन्हा रुळांवर आलेले दगडच. त्यानंतर डोंगरकापांचे उतार कमी करणे, जाळ्या बसवणे, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणे यांवर मोठा खर्च झाला. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या वेग कमी करून धावतात. पावसाळी वेळापत्रक ही आता कोकण रेल्वेची ओळखच झाली आहे. ताशी 160 किलोमीटर वेगासाठी आखलेला मार्ग वर्षातील चार-साडेचार महिने स्वतःला आवरून चालतो.

डोंगर जितका उभा कापावा तितकी जमीन कमी लागते, माती कमी काढावी लागते आणि काम लवकर होते. उतार सौम्य ठेवावा तर जमीन, पैसा आणि वेळ तिन्ही वाढतात. जांभ्या दगडाखाली लपलेली माती पावसात कशी वागेल, हे त्या वेळी पूर्ण कळणे कठीण होते, हे मान्य. तरीही बांधकामाच्या खात्यावर वाचलेला खर्च देखभालीच्या खात्यावर सरकला, आणि त्यातील काही भाग प्रवाशांच्या नावे पडला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. घड्याळ शून्यावर आले की बांधणारा मोकळा होतो. मार्ग मात्र तेव्हा कुठे वापरात येऊ लागतो.

हे सारे लिहिताना कोकण रेल्वेचे थोरपण उणे करण्याचा हेतू नाही. स्वतंत्र भारतात इतक्या कमी काळात इतके अवघड काम क्वचितच झाले असेल. दिल्ली मेट्रोने पुढे जी कार्यसंस्कृती दाखवली तिची तालीम येथेच झाली होती. ते उलटे घड्याळही येथूनच दिल्लीला गेले. मार्च 2022 पर्यंत संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि रोहा-वीर टप्पा दुपदरी झाला. त्यापुढच्या दक्षिणेकडील मार्गावर दुसरा रूळ टाकायची वेळ येईल, तेव्हा पेडण्याच्या त्याच डोंगरात दुसरा बोगदा खणावा लागेल. त्याच्या वेळापत्रकात मातीसाठी किती सवड ठेवली आहे, हे मुदत जाहीर होण्याआधी कुणीतरी विधानसभेत विचारायला हरकत नाही.