आजाऱ्याचा डबा : मऊ म्हणजे पथ्य नव्हे

मित्र आजारी आहे असं कळलं की आपण आधी फोन करतो. 'काही लागलं तर सांग' म्हणतो, पलीकडून 'नको रे, सगळं आहे' असं उत्तर येतं आणि तरीही दुसऱ्या दिवशी आपण डबा घेऊन त्याच्या दारात उभे असतो. डब्यात मऊ भात, पातळ वरण, बिनतिखटाची दुधी भोपळ्याची भाजी. तेल नावाला. हे सगळं 'पथ्याचं', त्यामुळे आणखी काही विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

हेतूबद्दल वाद नाही. पण आजाऱ्याच्या जेवणाबद्दलच्या आपल्या कल्पना जुन्या काळच्या तापावर बेतलेल्या आहेत आणि आज आपला डबा जिथे जातो तिथे बरेचदा तापाचा रुग्ण नसतोच. कुणाची बायपास झालेली असते, कुणी डायलिसिसवर असतं, कुणाची केमो चालू असते. या सगळ्यांना एकच मऊ भात कसा चालेल?

'तापात पोटाला विश्रांती द्यावी, फार तर पेज'

एखाद-दुसरा दिवस भूक नसेल तर बळजबरी करू नये, इतपत हे खरं. पण ताप 1 अंश सेल्सिअसने चढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण 10 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे खर्च वाढलेला असताना आपण आवक बंद करतो. युरोपातही तापाच्या रोग्याला उपाशी ठेवायची रीत होती. 19व्या शतकात डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज या डॉक्टरांनी तिला विरोध केला. आपल्या थडग्यावर 'याने तापाच्या रोग्यांना जेवू घातलं' एवढंच लिहावं, असं ते म्हणाल्याचं सांगतात. (थायरॉइडच्या एका आजाराला ज्यांचं नाव आहे, ते हेच ग्रेव्ह्ज.)

लंघनाचा दाखला देणारे आयुर्वेदाचं नाव घेतात, पण पुढचं पान उलटत नाहीत. वमन-विरेचनासारख्या शोधनानंतर अग्नी मंद झालेल्या माणसाला आहारावर कसं आणायचं याचा क्रम चरकसंहितेत दिलेला आहे. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग घट्ट विलेपी, मग मुगासारख्या कडधान्याचं यूष आणि शेवटी मांसरस. पेज ही त्यातली पहिली पायरी आहे. आपण मात्र पेशंटला तिथेच बसवून ठेवतो.

आता आकडे पाहू. पेजेच्या मोठ्या वाडग्यात तांदूळ असतो 25-30 ग्रॅम आणि त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम 2 ग्रॅम. भारतीय आहारशास्त्राच्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. मोठ्या आजारात किंवा ऑपरेशननंतर ही गरज बहुधा आणखी वाढते. वरणाच्या वरचं पाणी काढून देतात त्यात डाळीची चव असते, डाळ खाली राहते. साबुदाण्याची खीर तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात जे काही पोषण असतं ते दुधाचं.

मऊपणा सोडायची गरज नाही. मऊ खिचडीत तांदळाइतकीच मुगाची डाळ घाला. अंडं चालत असेल तर एका अंड्यातून 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. पेजेत दुधाची पावडर ढवळता येते, भाताबरोबर घट्ट दही देता येतं. मासे खाणारं घर असेल तर हळद-मीठ लावून वाफवलेला पापलेटचा तुकडा खिचडीपेक्षा पचायला जड नसतो. तो जड असल्याची आपली फक्त समजूत आहे.

'टाके आहेत, आंबट आणि डाळ नको, पू होतो'

पू जंतूंमुळे होतो, लिंबामुळे नाही. उलट जखम भरायला जे कोलॅजन लागतं ते शरीराला क जीवनसत्त्वाशिवाय नीट बांधता येत नाही आणि बांधायचा माल प्रथिनांतून येतो. म्हणजे वरण-भातावर लिंबू पिळणं हे टाक्यांच्या बाजूचंच काम आहे. डाळीने गॅस होतो ही तक्रार खरी असू शकते आणि पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर काही दिवस ती थांबवतातही. पण त्याचा टाक्यांच्या पुवाशी संबंध नाही.

काविळीचंही तसंच. हळद पिवळी म्हणून ती बंद, हे तर्कट कुणी काढलं कोण जाणे. काविळीतला पिवळेपणा बिलिरुबिनचा असतो, हळदीचा नव्हे. फोडणीतली चिमूटभर हळद निरुपद्रवी आहे. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी मात्र काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा 'नैसर्गिक आहे' म्हणून त्या नेऊ नयेत. साध्या काविळीत तेल-तूप पूर्ण तोडायला आधार नाही. मळमळ होत असेल तेवढे दिवस कमी ठेवावं.

'नारळपाणी कुणालाही चालतं'

सगळ्यात धोक्याचा समज मला हा वाटतो, कारण इथे चुकीची किंमत मोठी असते. एका शहाळ्याच्या पाण्यात 500 ते 600 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असू शकतं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. ज्याचं मूत्रपिंड निकामी होत आलंय त्याच्या रक्तात ते साठतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. केळी, टोमॅटोचं सूप, मोसंबीचा रस हे भेटीला नेण्याचे ठरलेले पदार्थही याच यादीत येतात. काहींना पाणीसुद्धा मापून प्यायचं असतं आणि त्या मापात वरण, ताक, चहा सगळं धरलं जातं. पातळ वरणाचा मोठा डबा तिथे मदत ठरत नाही.

मिठाबद्दलही असाच गोंधळ आहे. सैंधव घातलं म्हणजे मीठ टळलं असं नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणि बाजारात 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. रक्तदाबवाल्याला ते चालेलही, पण मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ते आणखी वाईट. मधुमेह्याला साखरेऐवजी गूळ चालतो, हा समज इतका सर्वदूर आहे की त्यावर बोलायचा कंटाळा येतो. नाही चालत. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेणाऱ्याला पालक वर्ज्य नसतो, पण रोजच्या प्रमाणात अचानक मोठा फरक पडला की औषधाचं गणित चुकतं. त्यामुळे 'रक्त वाढेल' म्हणून पालेभाजीचा डबा भरण्याआधी विचारावं.

'कडकडीत गरम करून दिलं की झालं'

शिळ्या भाताबाबत हे खोटं आहे. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. मग भाताला कितीही वाफ आणा, उलट्या करवणारं ते विष उष्णतेने मोडत नाही. अन्न 60 अंशांच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली ठेवावं आणि मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. विदर्भातल्या मे महिन्यात तर एकच तास धरावा.

मुंबईत 1890पासून डबेवाले सकाळी उचललेला डबा दुपारी पोचवतात आणि जेवणारे ठणठणीत असतात, हे खरं. पण ते निरोगी असतात म्हणून. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला ती सूट नाही. पुण्यात संध्याकाळच्या गर्दीत हडपसरहून कोथरूडला डबा पोचायला सहज तास-दीड तास जातो. तेव्हा एक तर थर्मासला आधी उकळतं पाणी फिरवून घ्यावं आणि वाफाळता पदार्थ काठोकाठ भरावा, नाही तर पसरट भांड्यात पटकन निववून, फ्रिजमध्ये गार करून बर्फाच्या पिशवीबरोबर न्यावा. गार डबाच पुष्कळदा बरा. केमो चालू असलेल्यांना लसणाच्या फोडणीच्या वासानेच ढवळून येतं आणि गार पदार्थाला वास कमी असतो. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा बरा वाटतो. कच्ची कोशिंबीर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

'डबा आजाऱ्यासाठी असतो'

बरीच इस्पितळं पेशंटला बाहेरचं अन्न देऊ देत नाहीत. तिथला आहारतज्ज्ञच ताट ठरवतो. उपाशी असतो तो खुर्चीत रात्र काढणारा भाऊ किंवा वडापाववर दिवस ढकलणारी बायको. घरी मुलं असतात, त्यांची शाळा चुकत नाही, त्यांना पोळी-भाजीचा डबा लागतो. या माणसांना पथ्य नसतं. त्यांना चमचमीत उसळ, पोळ्या, दाण्याची चटणी असं पोटभर काही तरी हवं असतं आणि ते मागायला ती सगळ्यात जास्त संकोचतात.

म्हणून 'काही हवं का?' ऐवजी 'उद्या सातला तिघांच्या पोळ्या आणि मटकीची उसळ आणतोय, वहिनी, चालेल ना? आणि सचिनला काय काय वर्ज्य आहे?' असं विचारावं. याला 'नको' म्हणणं अवघड असतं. डब्यावर चिठ्ठी चिकटवून पदार्थ, त्यातलं मीठ, शेंगदाणे आणि केव्हा केलं ते लिहावं.

डबा परत येण्याचा प्रश्नही असतो. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, किमान साखर तरी घालतात. आजारपणाच्या घराला ही उठाठेव कशाला? नाव घातलेला सासरचा स्टीलचा डबा घरीच ठेवावा. चटणी-पोळीला श्रीखंडाचा जुना डबा चालतो, फक्त गरम पदार्थ त्यात ओतू नये. गरम पदार्थासाठी न मागता सोडून देता येईल असं एखादं साधं स्टीलचं भांडं घ्यावं आणि देताना 'हे परत नकोय' असं तोंडाने सांगावं, कारण न सांगता ते परत येतंच, आणि तेही भरून.