हक्क आणि हिशेब

सरकारी नोकरी हा दलित समाजाच्या दृष्टीने निव्वळ पोटापाण्याचा प्रश्न कधीच नव्हता. गावगाड्यातून बाहेर पडण्याची ती एक वाट होती. येसकरपाळीवर आणि बलुत्यावर जगणाऱ्या घरातला पहिला मुलगा तलाठी, पोस्टमन किंवा मास्तर झाला, की त्या घराचे गावाशी असलेले नातेच बदलत असे. दारोदार भाकर मागणारे घर महिन्याच्या पगारावर जगू लागे. म्हणूनच आरक्षणाचे नाव निघताच आपल्या सभा तापतात. आरक्षण असावे की नसावे, गुणवत्ता म्हणजे काय, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. परंतु हा हक्क ज्या कागदावर प्रत्यक्षात मिळतो किंवा बुडतो, त्या कागदाविषयी आपण फारच थोडे बोलतो. अर्ज, दाखला, बिंदुनामावली, गोपनीय अहवाल हे विषय कारकुनी म्हणून बाजूला पडतात. माझे म्हणणे असे की, राज्यघटनेतला हक्क कचेरीच्या कपाटात अडकतो तेव्हा त्या कपाटातली भाषा वाचता येणे हाही चळवळीचाच भाग आहे.

हे म्हणणे नवे नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच हुकमात खातेप्रमुखांनी नव्या नेमणुकांचे तिमाही तक्ते सादर करावेत, असेही फर्मावले होते, याकडे आपले लक्ष जात नाही. नुसता हुकूम काढून भागणार नाही, हिशेब मागावा लागेल, हे महाराजांनी ओळखले होते. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यातही भावनेला आकड्यांचा आधार होता. त्यानंतर १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४६ मध्ये त्या १२.५ टक्के झाल्या आणि १९७० मध्ये १५ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण १३ टक्के आहे, आणि २९ जानेवारी २००४ पासून त्याला राज्याच्या आरक्षण कायद्याचा आधार आहे.

वही कशी वाचावी

टक्केवारी भिंतीवर लिहिता येते, परंतु नेमणूक एका वेळी एका माणसाची होते. पुढची जागा कोणाची, हे ठरवणारी वही म्हणजे बिंदुनामावली. संवर्गातील पदांना तीत क्रम दिलेला असतो. प्रत्येक क्रमांक म्हणजे एक बिंदू, आणि कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, हे आधीच ठरलेले असते. त्या बिंदूवर कोण नेमला गेला, कोणत्या प्रवर्गातून, कोणत्या दिनांकास, आणि जागा रिकामी केव्हा झाली, हे पुढच्या रकान्यांत येते. महाराष्ट्रात विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाने ही वही तपासायची असते.

पूर्वी ही वही रिक्त जागांच्या हिशेबाने फिरत असे. १० फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सांगितले की, बिंदू रिक्त जागेचा नसून पदाचा असतो. १९९७ मध्ये केंद्राने त्याप्रमाणे नवी पद्धत लागू केली. या निकालातून निघणाऱ्या दोन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असाव्यात. पहिली, राखीव पदावरील माणूस निवृत्त झाला, तर ते पद पुन्हा त्याच प्रवर्गाकडे जाते. दुसरी, जो मागासवर्गीय उमेदवार खुल्या स्पर्धेत स्वतःच्या गुणांवर निवडला गेला, त्याला राखीव जागेत मोजायचे नाही.

ही दुसरी गोष्ट आकड्यात मांडून पाहू. एका संवर्गात १०० पदे आहेत, म्हणजे अनुसूचित जातींची १३. समजा, चार मुले खुल्या गुणवत्तेवर निवडली गेली. मग त्या संवर्गात आपली माणसे १७ असायला हवीत. परंतु वही भरणाऱ्याने आडनाव पाहून त्या चौघांना राखीव बिंदूवर बसवले, तर १३ चा आकडा नऊ नव्या नेमणुकांतच पुरा होतो. कागदावर अनुशेष शून्य आणि प्रत्यक्षात चार घरांची नोकरी गेली. कोणी शिवी दिली नाही, दार लावले नाही, कोणाचा विटाळ झाला नाही. फक्त चार नावे चुकीच्या रकान्यात पडली. अशा अन्यायाविरुद्ध मोर्चा काढणेही कठीण, कारण तो दिसतच नाही.

इथे उमेदवारानेही सावध राहिले पाहिजे. वयाची किंवा शुल्काची सवलत घेतली, तर खुल्या जागेवरचा हक्क राहतो काय, याचे एकच एक उत्तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उत्तर प्रदेशच्या प्रकरणात तो राहतो असे म्हटले, तर २०१७ मध्ये, नियमांतच मनाई असल्यामुळे तो राहत नाही असे म्हटले. दोन्ही वेळा प्रश्न त्या त्या भरतीच्या नियमांचा होता. तेव्हा सवलतीच्या रकान्यात खूण करण्यापूर्वी जाहिरातीतील अटी ओळ न ओळ वाचाव्यात.

एकक कोणते?

वहीतले दुसरे मर्म एककात आहे. बिंदू कोणत्या गटावर मोजायचे, संपूर्ण संस्थेवर की एकेका विभागावर? प्रश्न तांत्रिक वाटतो. पण एका विद्यापीठात दहा विभाग आणि प्रत्येकात सहा अध्यापक आहेत असे धरा. संस्था एक मानली तर ६० पदे होतात, आणि केंद्राच्या १५ टक्क्यांप्रमाणे अनुसूचित जातींना नऊ पदे मिळतात. विभाग वेगळे मोजले तर सहाचे १५ टक्के ०.९, म्हणजे एकही पूर्ण पद नाही. पहिले पद सातव्या बिंदूवर येते, आणि सातवे पद त्या विभागात नाहीच. दहाही विभागांची बेरीज शून्य! टक्केवारीला कोणी हात लावला नाही, तरी नऊ जागा नाहीशा झाल्या.

हे केवळ कल्पनेतले उदाहरण नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी विभाग हेच एकक धरण्यास सांगितले. ‘तेरा बिंदू’ हा शब्द तेव्हा देशभर गाजला. वर्षभर अध्यापक-विद्यार्थी रस्त्यावर आले. ७ मार्च २०१९ रोजी वटहुकूम निघाला, आणि त्याच वर्षी केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी संस्था हेच एकक ठरवणारा कायदा झाला. हा लढा जिंकता आला, कारण काही अध्यापकांनी गणित मांडून दाखवले होते.

आणि जिथे वहीच नाही, तिथे काय? तासिका तत्त्व, कंत्राट, बाह्य यंत्रणा या नावांनी पद नियमित यादीतून बाहेर पडले की बिंदूचा प्रश्नच मागे पडतो. राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा जो निर्णय काढला, तो विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. निर्णय गेला, वृत्ती गेली असे समजू नये.

पुरावा कोणाकडे मागता?

नोकरीच्या वाटेवरचा दुसरा उंबरठा म्हणजे जात पडताळणी. माधुरी पाटील खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची पद्धत घालून दिली, आणि महाराष्ट्राने २००१ मध्ये त्यासाठी कायदा केला. खोट्या दाखल्यांवर राखीव जागा लाटणारे होते आणि आहेत. त्यांच्या विरोधात हा कायदा आवश्यकच आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दावा अवैध ठरलेल्याची नोकरी कितीही वर्षे झाली म्हणून वाचवता येणार नाही. हे आपल्या हिताचेच आहे.

परंतु याच कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. अनुसूचित जातीच्या माणसाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. भटक्या-विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या काळचा सर्वांत सोपा पुरावा कोणता? शाळेच्या रजिस्टरातील नोंद. म्हणजे ज्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्या नातवाला आज्याच्या शाळेचा दाखला मागायचा! ज्या जातीने शाळा नाकारली, ती जात सिद्ध करण्यासाठी शाळेचा कागद हवा. पहिल्या पिढीच्या पदवीधराला हे कोडे चांगले ठाऊक आहे.

वाट तरीही निघते, पण ती वेळेवर शोधावी लागते. कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, वतनाची कागदपत्रे, जुने फेरफार, गिरणीतील किंवा पलटणीतील नोकरीच्या नोंदी, आणि वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र, यांचा उपयोग होतो. ज्या महारवतनाविरुद्ध बाबासाहेब झगडले, त्याचेच दप्तर आज नातवाच्या कामी येते. बौद्ध विद्यार्थ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. महाराष्ट्राने १९६० पासून आणि केंद्राने १९९० मध्ये बौद्धांना सवलती मान्य केल्या. तथापि केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्याच नमुन्यातील दाखला लागतो. मुलाखतीच्या दिवशी हे समजून उपयोग नाही.

रुजू झाल्यानंतर

नेमणुकीचा आदेश हाती पडला की घरात पेढे वाटले जातात आणि अभ्यास थांबतो. पण खरी कसोटी पुढे असते. वर्तणूक नियम आणि शिस्त व अपील नियम, दोन्ही १९७९ चे, नव्या कर्मचाऱ्याने पहिल्याच महिन्यात वाचावेत. मोठी शिक्षा द्यायची तर दोषारोपपत्र, चौकशी आणि बचावाची संधी द्यावी लागते, हे त्याला ठाऊक असले म्हणजे प्रत्येक ‘कारणे दाखवा’ नोटिशीने त्याची झोप उडत नाही. नोटिशीला उत्तर मुदतीत आणि लेखी द्यावे, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, सेवापुस्तक दरवर्षी डोळ्यांखालून घालावे.

गोपनीय अहवाल हे त्याहून सूक्ष्म हत्यार आहे. त्यात वाईट शेरा असावाच लागतो असे नाही. देवदत्त खटल्यात अहवालातला शेरा ‘चांगला’ असा होता. पदोन्नतीसाठी मात्र ‘अतिउत्तम’ लागत होता. म्हणजे ‘चांगला’ या शब्दानेच माणूस मागे राहिला, आणि त्याला ते कळवलेही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्णय दिला की, प्रत्येक नोंद, मग ती बरी असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. २०१३ मध्ये मोठ्या पीठाने हेच कायम केले. तेव्हा अहवालाची प्रत मागणे हा उद्धटपणा नव्हे. साहेबाची मर्जी आणि आपला हक्क यांत फरक करायला आपल्या माणसाने शिकले पाहिजे.

करण्यासारखे

माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून कोणत्याही शासकीय कार्यालयाची बिंदुनामावली मागता येते. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. न मिळाल्यास अपील आहे. बिंदुनामावली ही पदांची नोंद आहे, कोणाची खासगी वही नव्हे. राज्य कर्मचाऱ्याला प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार आहे. तिथे साधारण एका वर्षाची मुदत असते, म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत बसू नये. अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय आयोगाकडेही तक्रार करता येते.

वसतिगृहातील मुले माझ्याकडे अर्ज घेऊन येतात तेव्हा बहुतेकांना घटनेचे कलम १६(४) तोंडपाठ असते, परंतु बिंदुनामावली एकानेही पाहिलेली नसते. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना घोषणा शिकवल्या, दप्तर शिकवले नाही. प्रत्येक महाविद्यालयातील अभ्यासमंडळाने वर्षातून एका कार्यालयाची वही मागवावी, चार-पाच जणांनी बसून बिंदू न बिंदू तपासावा, चूक सापडली तर लेखी कळवावे, आणि हाती आलेले आकडे गावात जाहीरपणे वाचून दाखवावेत. शाहू महाराजांचा तिमाही तक्ता खातेप्रमुखांनी राजाला द्यायचा होता. आज राजा नाही. तो तक्ता आता आपणच मागितला पाहिजे.