फोल्डिंग कॅमेऱ्याचा फोकस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापुरातल्या जुन्या घरांत, ट्रंकेच्या तळाशी, चामडी पाकिटात ठेवलेला एखादा फोल्डिंग कॅमेरा अजूनही सापडतो. अग्फा आयसोलेट, झाइस इकॉन नेटार, फोक्टलेंडर बेसा अशी नावं त्यावर कोरलेली असतात. बटण दाबलं की झाकण उघडतं, काळा भाता पुढे येतो आणि लेन्स खट्कन जागेवर बसते. नातवंडं तो हौसेनं खोलतात, पुसतात, पुन्हा जोडतात, रोल घालतात आणि बाराही फोटो धूसर येतात. मग घरात निकाल लागतो, ‘लेन्स गेली!’

लेन्स बहुतेक वेळा धडधाकट असते. बिघडलेली असते ती जुळणी, आणि ती घरच्या टेबलावर तपासताही येते, दुरुस्तही करता येते.

गैरसमज : भाता पुढे-मागे होतो, म्हणजे फोकस भात्यानं होतो.

वस्तुस्थिती : या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत भात्याचं काम फक्त अंधार राखण्याचं. कॅमेरा उघडला की लेन्स एकाच जागी अडकते आणि तिथेच राहते. अग्फाची अपोटार किंवा झाइसची नोव्हार ही तीन भिंगांची लेन्स. त्यातलं फक्त पुढचं भिंग आट्यांवर फिरतं. ते बाहेर आलं की जवळचं स्पष्ट दिसतं, आत गेलं की लांबचं. म्हणून फोकस बिघडला तर भाता ओढून-ताणून काही साधत नाही. भात्याची तपासणी वेगळी करावी : अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून घड्यांच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का, ते पाहावं.

गैरसमज : फोकसची रिंग अडकली तर पक्कड लावावी किंवा तेल सोडावं.

वस्तुस्थिती : अग्फाच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांतलं हिरवट ग्रीस वर्षानुवर्षांत वाळून लाखेसारखं घट्ट होतं. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पडून राहिलेल्या कॅमेऱ्याची तर गत विचारायलाच नको. जोर लावला की पुढचं आणि मधलं भिंग एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत एकत्रच फिरतात. आकड्यांची रिंग फिरताना दिसते, पण दोन भिंगांतलं अंतर तसूभरही बदलत नाही. बारापैकी एकही फोटो स्पष्ट न येण्यामागे अनेकदा हेच असतं.

तेल तर घातकच. ते ओघळून शटरच्या पात्यांवर जातं, आणि ती पाती कोरडीच चालायला हवीत. उपाय धीराचा आहे. रिंगच्या कडेचे बारीक स्क्रू घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरनं सैल करून रिंग काढावी, हेअर ड्रायरनं ऊब द्यावी. धातू पूर्ण गार झाल्यावर सांध्यावर लायटर फ्लुइडचा थेंब सोडावा आणि रात्रभर थांबावं. हा द्रव पटकन पेट घेतो, त्यामुळे ड्रायर आणि ज्योत त्याच्यापासून लांबच. एकदा सुटलं नाही तर हेच पुन्हा करावं.

गैरसमज : पुढचं भिंग शेवटपर्यंत आवळलं की इन्फिनिटी जुळली.

वस्तुस्थिती : शेवटपर्यंत आवळलेलं भिंग बहुधा इन्फिनिटीच्याही पलीकडे गेलेलं असतं. शिवाय काही लेन्समध्ये आट्यांची सुरुवात एकाहून जास्त ठिकाणी होते. चुकीच्या सुरुवातीवर भिंग चढलं तर ते सफाईनं फिरतं, पण रिंगवरचे आकडे खोटे पडतात. म्हणून भिंग उतरवताना आटे नेमके कुठे सुटतात, तिथे बारीक खूण करून ठेवावी. मधलं भिंग मात्र तळापर्यंत पक्कं बसलंच पाहिजे. ते अर्धा फेराही बाहेर राहिलं, तर पुढचं कितीही फिरवा, हिशेब जुळत नाही.

गैरसमज : समोरच्या घरावर फोकस जुळवला की पुरे.

वस्तुस्थिती : इथे गणित कामाला येतं. ७५ मिलिमीटरच्या लेन्ससाठी १० मीटरवरच्या भिंतीची प्रतिमा अनंत अंतरावरच्या प्रतिमेपेक्षा सुमारे ०.५७ मिलिमीटर मागे पडते. १०० मीटरवरच्या वस्तूसाठी हाच फरक ०.०६ मिलिमीटरच्या आत येतो. गल्लीपलीकडचं घर बघून इन्फिनिटीची, म्हणजे आडव्या आठाची खूण जुळवली, तर लांबचं सगळंच कायमचं धूसर येणार.

म्हणून गच्चीवर जावं आणि निदान दोन-तीनशे मीटर लांबची, ठळक कडांची वस्तू निवडावी. गिरण्यांच्या या शहरात अशा खुणेसाठी नजर आपसूक चिमणीकडे जायची. पण सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. आता पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर किंवा देवळाचा कळस धरावा.

कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून, जिथून फिल्म सरकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा ठेवावा. खरखरीत बाजू लेन्सकडे हवी, कारण प्रतिमा त्याच पृष्ठभागावर उमटते. काचेऐवजी बटर पेपर लावला तर तो पोक काढतो आणि तेवढ्यानंही फरक पडतो. शटर ‘बी’वर उघडं ठेवावं, छिद्र पूर्ण मोठं करावं, डोक्यावर काळं कापड घ्यावं आणि काचेवरची प्रतिमा हातभिंगातून पाहावी. उलटी प्रतिमा अगदी रेखीव झाली की भिंग हलू न देता रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर बसवून स्क्रू आवळावेत. आवळताना भिंग किंचित सरकतं, म्हणून पुन्हा एकदा पाहणं आलंच.

गैरसमज : छिद्र लहान केलं की चूक झाकली जाते.

वस्तुस्थिती : काही अंशी जाते, आणि म्हणूनच ती लवकर सापडत नाही. वर सांगितलेली ०.५७ मिलिमीटरची चूक एफ १६ या लहान छिद्रावर ०.०३५ मिलिमीटरचा ठिपका देते, जो सहसा डोळ्याला खटकत नाही. एफ ४.५ या मोठ्या छिद्रावर तोच ठिपका ०.१२ मिलिमीटरच्या वर जातो. भर उन्हात काढलेला इंद्रभुवन इमारतीचा फोटो छान येतो आणि गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी होम मैदानावर काढलेला सगळा धूसर, याचं कोडं इथे सुटतं.

गैरसमज : फोकस अचूक असेल तर फोटो स्पष्ट येणारच.

वस्तुस्थिती : आणखी दोन गोष्टी आड येतात. लेन्स धरून ठेवणाऱ्या दांड्यांपैकी एखादी वाकली असेल, तर फोटोची एक बाजू रेखीव आणि दुसरी पुसट येते. त्यासाठी घासलेल्या काचेवर चारही कोपरे पाहावेत. दुसरी गोष्ट हवेची. कॅमेरा झटक्यात उघडला की भाता हवा खेचतो आणि फिल्म जागेवरून पुढे ओढली जाते. कॅमेरा सावकाश उघडावा आणि तो उघडल्यानंतरच रोल पुढे सरकवावा, म्हणजे फिल्म पुन्हा ताठ होते.

गैरसमज : आता याचे रोलच मिळत नाहीत.

वस्तुस्थिती : कोडॅकनं १९०१ मध्ये आणलेला १२० नंबरचा रोल आजही बनतो, कोडॅक, इलफर्ड आणि फोमा ही नावं बाजारात आहेत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ मात्र इतिहासजमा झाला. ६२० नंबरचा कॅमेरा असेल तर फिल्म तीच, फक्त रीळ बारीक. अंधारात १२० चा रोल जुन्या रिळावर गुंडाळून घेता येतो.

पहिला रोल चाचणीचाच ठेवावा. टेपनं मोजून दीड मीटर, तीन मीटर आणि मग लांबची टाकी, असे फोटो पूर्ण उघड्या छिद्रानं घ्यावेत. त्यासाठी वेळ मात्र नेमकी निवडावी लागते. १०० आयएसओच्या फिल्मला दुपारच्या उन्हात एफ ४.५ वर सुमारे एक-साडेबाराशेअंश सेकंद लागतो, आणि या कॅमेऱ्यांची शटरं बहुधा एक-दोनशेअंश किंवा एक-तीनशेअंशावरच थांबतात. सोलापुरात हे काम सूर्य वर येण्याआधी उरकावं, नाहीतर दिवेलागणीला.