देशी झाडं लावताय? ॲपसोबत ही पुस्तकंही हाताशी ठेवा



मी शिरड शहापूरचा. दोन वर्षांपूर्वी शेताच्या बांधावर लावायला एका नर्सरीतून शमीची पाच रोपं आणली. खात्री करायला गूगल लेन्सने फोटो काढला. उत्तर आलं ‘प्रोसोपिस’. शमीचं शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया, म्हणून मी निर्धास्त झालो. दोन उन्हाळे घागरीने पाणी घातलं. मग कळलं, पाचातली चार वेडी बाभूळ निघाली!

तिचं नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. ही मूळची अमेरिका खंडातली. गुरं-शेळ्या तिच्या शेंगा खातात आणि शेणा-लेंड्यांतून बी रानभर पसरतं. वरून तोडली तरी बुडातून पुन्हा फुटते. म्हणजे आम्ही संकटालाच पाणी घालत होतो.

ॲप कुठे चुकतं?

लेन्स फोटोतल्या दिसण्याची तुलना करतं. रोप लहान, फूल नाही, शेंग नाही. अशा वेळी दोन्हींची बारीक पानं त्याला सारखीच वाटतात. फरक आहे तो काट्यात. शमीचे काटे रुंद बुडाचे, आखूड आणि फांदीवर कुठेही विखुरलेले असतात. वेडी बाभळीचे काटे पान फुटतं त्या पेरावर येतात, बहुतेकदा जोडीने. हे पाहायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. पुस्तक नेमकं तेच सांगतं: कुठे बघायचं.

कोणती पुस्तकं बघायची?

१) देशी वृक्ष आणि विदेशी वृक्ष: प्रा. श्री. द. महाजन यांची ही दोन मराठी पुस्तकं. सुरुवात इथूनच करा. आपलं झाड कोणतं आणि बाहेरून आलेलं कोणतं, हा गोंधळ नावापासूनच सुटतो.

२) वृक्षगान: डॉ. शरदिनी डहाणूकर यांचं पुस्तक. यात ओळखीचे तक्ते शोधू नका. झाडांची गोडी लागावी म्हणून वाचा.

३) फ्लोरा ऑफ मराठवाडा: व्ही. एन. नाईक, १९९८, दोन खंड. इंग्रजीत आहे आणि भाषा जड आहे, पण आपल्या भागासाठी हेच महत्त्वाचं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजच्या लायब्ररीत चौकशी करा.

४) फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे: थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला ग्रंथ. इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतो, मोबाईलवर उतरवून घ्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तेव्हा आपला हिंगोलीचा भाग मुंबई इलाख्यात नव्हता, निजामाच्या राज्यात होता. म्हणून त्यात एखादं झाड सापडलं नाही, तर ते आपल्याकडचं नाहीच असं समजू नका.

जुनं नाव, नवं नाव

पुस्तक आणि ॲप वेगवेगळी नावं दाखवतात तेव्हा गडबडू नका. शमी कुकच्या ग्रंथात ‘प्रोसोपिस स्पिसिजेरा’ म्हणून आहे. आपली साधी बाभूळ आधी ‘अकेशिया’ होती, आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली. वेडी बाभळीलाही २०२२ पासून ‘नेल्टुमा’ हे नवं नाव दिलंय. लंडनमधल्या क्यू उद्यानाची ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही साइट उघडा आणि जुनं नाव टाका. आजचं मान्य नाव आणि झाडाचा मूळ प्रदेश, दोन्ही फुकटात दिसतं.

आता मी काय करतो?

रोप विकत घेण्याआधी चार फोटो काढतो: पूर्ण रोप, पानाची पुढची आणि मागची बाजू, आणि काटा किंवा देठाचा जवळून फोटो. लेन्सकडून फक्त अंदाज घेतो. तो अंदाज पुस्तकातल्या वर्णनाशी एकेक मुद्दा जुळवतो. तरी शंका राहिली, तर तेच फोटो ठिकाणासह आयनॅचरलिस्टवर टाकतो. तिथे जाणकार माणसं तपासून नाव सुचवतात. तोपर्यंत रोप नर्सरीतच राहतं.

त्या चार वेडी बाभळी मुळासकट खणून काढल्या. हात चांगलेच सोलले! पाचवी मात्र खरी शमी निघाली. ती बांधावर उभी आहे, आणि यंदाच्या दसऱ्याला आम्ही तिचीच पूजा करणार आहोत.