पेन्सिलीच्या तीन सावल्या

रंगीत एलईडीची विजेरी घेताना आपण बटण दाबत जातो. लाल लागला, हिरवा लागला, निळा लागला, पांढरा लागला, की चांगली आहे म्हणून पैसे देऊन मोकळे होतो. पण अशा विजेरीचा खरा कस लागतो तो पांढऱ्या उजेडात. खोलीत अंधार करा, उजेड भिंतीवर पाडा आणि काचेपुढे, थोड्या अंतरावर, एक पेन्सिल उभी धरा. काही विजेऱ्यांत एकच काळपट सावली पडते. काहींत मात्र तीन पडतात आणि तिन्ही रंगीत असतात: एक आकाशी, एक राणी रंगाची, एक पिवळी.

हे घडतं कारण त्या विजेरीत पांढरा दिवाच नाही. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन चिप एकदम पेटतात. त्या शेजारी शेजारी असल्यामुळे पेन्सिल तिघींना वेगवेगळ्या जागी अडवते. लाल अडला तिथे हिरवा आणि निळा मिळून आकाशी होतो. हिरवा अडला तिथे राणी रंग. निळा अडतो तिथलं नवल सगळ्यात मोठं. तिथे पोचतात फक्त लाल आणि हिरवा, आणि आपल्याला दिसतो पिवळा! त्या पट्ट्यातून पिवळ्या तरंगलांबीचा उजेड जवळजवळ येतच नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या असतात. खरा पिवळा उजेड आला काय किंवा लाल-हिरव्याची जोडी आली काय, त्या पेशी मेंदूला एकच निरोप धाडतात.

पांढरा करण्याची दुसरी रीत अशी की निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर द्यायचा. थोडा निळा थेट बाहेर येतो, उरलेला तो थर शोषतो आणि हिरव्यापासून लालपर्यंतचा उजेड परत देतो. हे जमायला निळी एलईडी लागते, आणि तिने फार वाट पाहायला लावली. निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल उजेड देणारी एलईडी १९६२ मध्येच केली होती. झगझगीत निळी मात्र १९९०च्या दशकात आली. त्या कामासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

भिंतीवर हे दोन्ही पांढरे सारखेच भासतात. ते वेगळे ओळखायला एक जुनी सीडी पुरते. तिच्यावरच्या रेषा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यामुळे उजेडातले रंग सुटे होतात. विजेरी मंद ठेवा आणि सीडी तिरकी धरून तिच्यातले रंग बघा. तीन चिपच्या पांढऱ्यात तीन ठसठशीत पट्टे दिसतील आणि त्यांच्यामध्ये अंधार. फॉस्फरच्या पांढऱ्यात निळ्यानंतर जरा खाच दिसेल, मग पुढे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा सलग उजेड. आंबा पिकलाय का, जखम किती लाल झालीय, हातातली वायर तपकिरी की काळी, हे रात्री ठरवायचं तर हा सलग उजेडच हवा. म्हणून माझ्या मते चांगल्या रंगीत विजेरीत पांढऱ्यासाठी वेगळी एलईडी असलीच पाहिजे. तिचा सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९०च्या वर असावा. त्या सरासरीत गडद लालची परीक्षा धरलेली नसते. ती आर-९ या नावाने वेगळी देतात. ती दिली असेल तर जरूर बघा.

रंग किती शुद्ध आहेत हे बघायला पांढऱ्या कागदावर कुंकवाचं बोट उमटवा. निळ्या उजेडात ते बोट काळंभोर झालं पाहिजे. लाल उजेडात ते कागदात जवळजवळ विरून गेलं पाहिजे, कारण त्या उजेडात कागद आणि कुंकू दोन्ही लालच परत पाठवतात. पांढऱ्या दिव्यापुढे साधी रंगीत पट्टी सरकवून केलेला लाल पुष्कळदा इथे उघडा पडतो. त्यात इतर रंग झिरपतात आणि बोट पुसट का होईना दिसत राहतं.

खोक्यावरच्या ल्युमेनच्या आकड्यांची रंगारंगांत तुलना करू नका. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडाच्या एका वॅटचे ६८३ ल्युमेन होतात, ६३०च्या लालचे सुमारे १८०, आणि ४६०च्या निळ्याचे जेमतेम ४०. निळ्याचा आकडा लहान आहे म्हणजे चिप हलकी आहे असं मुळीच नाही.

मग विजेरी दहा मिनिटं चालू ठेवा. लाल चिपचा पदार्थ निळ्या-हिरव्या चिपच्या पदार्थाहून वेगळा असतो आणि तापला की त्याचा उजेड जास्त घटतो. तीन चिपचा पांढरा हळूहळू निळसर-हिरवट व्हायला लागला, तर उष्णता बाहेर काढायची नीट सोय आत नाही असं समजा.

सगळ्यात मोलाचा रंग लाल. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींना गडद लाल उजेड फारसा जाणवत नाही, म्हणून आकाशदर्शनाला जाणारे लोक नकाशे लाल उजेडात वाचतात. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि पांढऱ्याचा एक झोत ती सगळी मेहनत वाया घालवतो. लालही भगभगीत असेल तर नुकसान करतोच. लाल थेट लागतो का आणि अगदी मंद होतो का, हे दुकानातच बघा. लालपर्यंत जाताना वाटेत पांढरा पेटत असेल, तर बाकी सगळ्या परीक्षांत उतरलेली विजेरीसुद्धा रात्रीच्या आकाशाखाली निरुपयोगी आहे.