न वटलेली वचने

जुन्या नाण्यांचा संग्राहक आपल्याकडे पूर्वीपासून ओळखीचा आहे. त्याच्या डबीतील शिवराई किंवा हाली सिक्का सराफालाही कळतो, कारण राज्य बुडाले, टांकसाळ बंद पडली, तरी तांबे तांबेच राहते आणि रुपे रुपेच राहते. कागदी चलनाचा संग्राहक मात्र ज्या वस्तूच्या पाठीस लागतो, ती मुळात सरकारने दिलेली एक लेखी कबुली असते. जी कबुली यथास्थित पाळली गेली, म्हणजे जी नोट हातोहात फिरून, मळून, अखेरीस खजिन्यात परत जाऊन रद्द झाली, तिच्याशी या गृहस्थाला काही कर्तव्यच उरत नाही. त्याच्या वाट्याला येते ती वाटेत अडलेली नोट, मग ती कापलेली असो, समुद्रात बुडालेली असो, परराज्याचा छाप बसलेली असो, की जन्मतःच बाद ठरवलेली असो.

हिंदुस्थानात बँक ऑफ बेंगाल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास यांच्या नोटा सरकारी नोटांच्या आधीपासून चालत होत्या. पैकी मुंबईच्या बँकेच्या नोटांवर टाउन हॉलचे चित्र आणि एल्फिन्स्टन व माल्कम यांच्या प्रतिमा असत. नोटा काढण्याचा अधिकार बँकांकडून काढून सरकारकडे घेण्याची तजवीज जेम्स विल्सन या पहिल्या वित्तमंत्र्याची. ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचा हा संस्थापक १८६० च्या ऑगस्टात कलकत्त्यास आमांशाने वारला, आणि १८६१ चा कागदी चलनाचा कायदा त्याच्यामागून आलेल्या सॅम्युएल लेंगच्या हातून अंमलात आला. त्या पहिल्या नोटा हातकागदावर एकाच बाजूस छापलेल्या असून वरच्या कोपऱ्यात राणी व्हिक्टोरियाची लहानशी मुद्रा आहे. खोट्या नोटा निघू लागल्यामुळे १८६७ पासून ही तऱ्हा बदलावी लागली. आज ती मूळ नोट धडक्या स्थितीत पाहावयास मिळणे हेच भाग्य.

परंतु माझ्या मते या काळातील खरी मौज चलन-मंडलांच्या व्यवस्थेत आहे. नोट निघे ती एका मंडलाच्या नावाने, आणि कायदेशीर चलन म्हणून तिचा अंमल त्या मंडलापुरताच. कलकत्त्याची नोट मुंबईत वटविण्याचा हक्क धारकास नव्हता. कलकत्ता, मुंबई, मद्रास यांच्या जोडीला पुढे लाहोर, कराची, कानपूर, रंगून आली, आणि नागपूर व कापसाची पेठ असलेले अकोला ही नावेही या यादीत दिसतात. पाच रुपयांची नोट १९०३ साली ब्रह्मदेश वगळून सर्वत्र चालू लागली, दहा व पन्नासाची १९१० साली, शंभराची १९११ साली. पाचशे आणि हजाराच्या नोटांना मात्र १९३१ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणून जाणकार प्रथम किंमत पाहत नाही, गावाचे नाव पाहतो.

याच काळात मोठ्या रकमेची नोट टपालाने धाडावयाची झाल्यास पेढीवाला ती मधोमध कापून एक तुकडा आधी रवाना करी, आणि तो पोहोचल्याची पावती आल्यावरच दुसरा. दोन्ही तुकड्यांवरचे क्रमांक जुळवून ते मागून पट्टीने डकवले की नोट पुन्हा पूर्ण. वाटेत टपाल लुटले गेले तरी चोराच्या हाती निम्मा, म्हणजे निरुपयोगी कागद लागे. अशा सांधलेल्या नोटेला नवशिका संग्राहक फाटकी म्हणून नाक मुरडतो. वास्तविक तो सांधा म्हणजे हुंडीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाने नव्या चलनाला दिलेली सावध संमती आहे.

समुद्राने दिलेल्या नोटांची तऱ्हा आणखी निराळी. नोटा त्या काळी विलायतेत छापून जहाजाने येत. लंडनहून मुंबईस निघालेले ‘शिराला’ जहाज २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवले, आणि त्यावरील पाच-दहा रुपयांच्या, अद्याप सही न झालेल्या नोटा किनाऱ्यास लागल्या. बहुतेक गोळा करून नष्ट केल्या गेल्या; ज्या थोड्या निसटल्या त्यांतील दहाच्या दोन नोटा २०२४ साली लंडनच्या लिलावात आल्या. १९२२ साली धुक्यात टक्कर होऊन बुडालेल्या ‘इजिप्त’ जहाजावर सोन्याचांदीबरोबर निजाम सरकारच्या नोटाही होत्या. दहा वर्षांनी ‘आर्तिल्यो’ या इटालियन जहाजाच्या पाणबुड्यांनी शंभर मीटरहून अधिक खोलीवरून सोने काढले, तेव्हा हा चलनात न आलेला कागदही वर आला.

नमुना नोट, जिला बाजारात स्पेसिमेनच म्हणतात, ती जन्मतःच बाद. नवी नोट निघाली की बँकांना आणि खजिन्यांना ओळख पटावी म्हणून हा नमुना धाडला जाई. क्रमांकाच्या जागी शून्ये, आडवा तांबडा शिक्का, आणि पुष्कळदा सहीच्या ठिकाणी गोल भोके. वॉटर्लोसारखे छापखानेवाले तर गिऱ्हाइके मिळविण्यासाठी तीच नोट भलत्याच रंगात छापून दाखवीत. हे कागद कचेऱ्यांच्या दप्तरांत निजून राहिल्याने कोरे करकरीत मिळतात, हे त्यांचे आकर्षण. मला मात्र त्यांत थोडा फिकेपणा वाटतो, कारण त्यांनी बाजार पाहिलेला नसतो.

पोर्तुगीज अमलातील गोव्याच्या नोटांचा मोह टाळणे कठीण. बँको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेकडे १९०६ पासून तिथे नोटा काढण्याचा अधिकार होता. १९१७ साली तिने चार तांगा, आठ तांगा आणि अडीच रुपियांच्याही नोटा काढल्या. १९५९ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, आणि तोही ३०, ६०, ३००, ६०० अशा आकड्यांत. सहा एस्कुदोंना एक रुपिया असा दर धरला, की ३० म्हणजे पूर्वीचीच पाचाची नोट, हे लक्षात येते.

१९४८ साली पाकिस्तानासाठी नाशिकच्याच छापखान्यात रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ हे शब्द छापले गेले, आणि त्यांतील दोन, पाच, दहाच्या नोटांवर सही आहे बँकेच्या तेव्हाच्या गव्हर्नरांची, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या नाते गावच्या चिंतामणराव देशमुखांची. हा छाप साध्या जुन्या नोटेवर मागाहून मारून गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणारेही आहेत. तेव्हा भिंगाखाली शाईचा रंग आणि तिची धार तपासल्याविना पैसे मोजू नयेत. धुऊन, इस्त्री करून ‘नवी’ केलेली नोटही तशीच ओळखावी: घडीची रेघ बोटाला लागत नाही, पण प्रकाशापुढे धरताच दिसते, आणि कागदाचा खडखडाट गेलेला असतो. टाचणीच्या भोकांना मात्र घाबरू नये. आपल्याकडे बँकाच गड्डी टाचून देत.

ज्यांना अलीकडील बाद नोटा जमवावयाच्या आहेत, त्यांच्यासाठी २०१७ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे: २०१६ साली बाद झालेला हजार-पाचशेचा माल सामान्य माणसाजवळ १० नोटांपर्यंत, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी २५ पर्यंतच चालतो. गव्हर्नरांच्या सह्या, छपाईची साले, क्रमांकामागची अक्षरे असे सगळे प्रकार धरू गेल्यास हा आकडा कधीच ओलांडला जातो. तेव्हा कोणत्या २५ ठेवाव्यात, यावर संग्राहकांच्या बैठकीत अजून एकमत झालेले नाही.