दत्तोबा पवार आणि नगरपालिकेची खुर्ची

कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासात दत्तोबा संतराम पवार हे नाव बहुधा एकाच ओळीत येते : चर्मकार समाजातील कार्यकर्ते, बाबासाहेबांचे स्नेही, कोल्हापूर नगरपालिकेचे अध्यक्ष. ओळ तेथेच संपते. माझ्या मते खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

ही खुर्ची आभाळातून पडली नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत मागासांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. नगरपालिकेतही अस्पृश्यांना राखीव जागा मिळाल्या. मार्च १९२० मध्ये माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. महाराज व बाबासाहेब यांना जवळ आणणाऱ्या कोल्हापूरकरांत दत्तोबा होते. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रेही उपलब्ध आहेत.

नगरपालिका म्हणजे नळ, गटार, रस्ता, बाजार. अस्पृश्यता रोज भेटते ती नेमकी याच ठिकाणी. ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई, त्याच समाजातला माणूस शहराचे पाणी पाहणाऱ्या सभेच्या अध्यक्षस्थानी बसला. हा केवळ मानाचा प्रश्न नव्हता.

याच्या शेजारी महाड ठेवून पाहावे. तेथील नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी लोकांनी स्वतः तळ्यावर जाऊन पाणी घेतले. मारहाण झाली, आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडले.

कोल्हापुरात राजाचा पाठिंबा होता, पण राजाचा हुकूम ही लोकांनी मिळवलेली सत्ता नव्हे. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. महाडात लोक उभे राहिले, पण सभागृह त्यांच्या हाती नव्हते. एकीकडे खुर्ची, दुसरीकडे चळवळ. दोन्ही एकत्र आल्याशिवाय पाणी घरापर्यंत पोचत नाही.

१९९३ पासून स्थानिक संस्थांतील राखीव जागा घटनेनेच दिल्या आहेत. आता कोणाच्या मर्जीची गरज नाही. तरीही राखीव जागेवरचा सदस्य सही करतो आणि निर्णय दुसऱ्याच्या वाड्यावर होतो, असे आपण अनेक गावांत पाहतो. म्हणून दत्तोबांचे नाव घेताना केवळ ‘पहिले’ म्हणून टाळ्या वाजवू नयेत. खुर्चीमागे वस्ती उभी आहे का, हे आपण प्रत्येक निवडणुकीनंतर विचारले पाहिजे.